आडवे झाल्यावर वरच्या बाजूचा कान बधिर होतो : कारण कोणते असावे?

प्रतापनगरकरीण

नमस्कार. माझे वय ४६ असून मी नागपुरात राहते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्री डाव्या कुशीवर आडवे होऊन दहा-पंधरा मिनिटे झाली की माझा उजवा कान, म्हणजे उशीवर टेकलेला नव्हे तर मोकळा असलेला कान, हळूहळू बधिर होतो. आधी पाळीला मुंग्या येतात आणि मग, दाढ काढताना भूल दिल्यावर ओठ जसा आपला वाटत नाही, तशी ती जागा परकी वाटू लागते. उठून बसले की पाच मिनिटांत सर्व पूर्ववत होते. ऐकू नीट येते, कान दुखत किंवा वाहत नाही, चक्करही येत नाही.

खालचा कान बधिर झाला असता तर मी विचारलेच नसते. घरच्यांच्या मते हा कूलरच्या झोताचा परिणाम आहे, कारण उन्हाळा लागला की आम्ही सारे दिवाणखान्यात कूलरपुढे जमिनीवर गाद्या घालून झोपतो. सासूबाईंच्या सांगण्यावरून कापसाचा बोळा घालून पाहिला, पण फरक पडला नाही. मला ६ वर्षांपासून मधुमेह असून मेटफॉर्मिन सुरू आहे. हा नसांवर झालेला मधुमेहाचा परिणाम असू शकेल का? आणि आधी कोणाकडे जावे, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे की मेंदूविकारतज्ज्ञांकडे?

गांधीबागवाला

माझा प्रकार आपल्या उलट होता. ज्या कुशीवर झोपत असे त्याच कानाच्या वरच्या कडेवर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ आली आणि ती उशीला टेकताच कळ येई. तेथे कूर्चेवर फक्त कातडी असते, चरबीचा थर जवळजवळ नसतो, त्यामुळे रोजच्या दाबाने असे होते, असे त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितले. मधोमध भोक असलेली उशी वापरून मला उतार पडला. आपल्याला दुखत नाही आणि कान वरचा आहे, त्यामुळे माझा उपाय आपल्या कामाचा नाही, हे मलाही कळते.

निवृत्त फिजिओथेरपिस्ट

ताई, तज्ज्ञ कोणते हे ठरवण्याआधी एक गोष्ट घरीच पाहून घ्या, कारण निम्मे उत्तर तिच्यात आहे. कान बधिर असतानाच कापसाची वात करून ती कानाच्या वरच्या कडेवरून, पाळीवरून, कानामागून आणि जबड्याच्या कोपऱ्यावरून अलगद फिरवा, आणि कोठे स्पर्श कमी जाणवतो ते आरशासमोर उभे न राहता, आडवे असतानाच, घरातील कोणाला तरी टिपून ठेवायला सांगा.

याचे कारण असे की, आपला कान एका नसेच्या ताब्यात नाही. कानाच्या पुढचा वरचा भाग चेहऱ्याच्या संवेदना नेणाऱ्या पाचव्या मज्जातंतूच्या शाखेकडे आहे, कानाच्या नळीतील काही भाग दहाव्याकडे आहे (कान कोरताना काहींना खोकला येतो तो याच्यामुळेच), आणि पाळी, कानाची मागची बाजू व जबड्याचा कोपरा हे मानेतून येणाऱ्या ‘ग्रेट ऑरिक्युलर’ नसेकडे आहेत. ही नस मानेच्या दुसऱ्या व तिसऱ्या मज्जामुळांपासून निघते, मान वळवल्यावर कानामागून छातीकडे उतरताना दिसणाऱ्या जाड स्नायूच्या मागच्या कडेने बाहेर येते आणि त्याच स्नायूवरून वर कानाकडे चढते. कानापुढील लाळग्रंथीच्या शस्त्रक्रियेत ती पुष्कळदा दुखावते. अशा एका रुग्ण बाईंची कुडी पडून गेली तरी त्यांना पाळीवर काहीच कळले नव्हते, हे माझ्या चांगले स्मरणात आहे.

आपल्या वर्णनात सुरुवात पाळीपासून होते, म्हणून माझा पहिला संशय मानेवर आहे. जमिनीवरच्या गादीवर दबून सपाट झालेली उशी घेऊन कुशीवर झोपले की खांद्याच्या रुंदीमुळे डोके खाली कलते आणि वरच्या बाजूची मान रात्रभर ताणलेली राहते. उशी एवढी असावी की नाक छातीच्या मध्यरेषेत येईल. मात्र एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरे वाटले ते कळणार नाही.

मधुमेहाने नसांवर होणारा परिणाम बहुधा दोन्ही पावलांपासून सुरू होतो, एकाच कानापासून नव्हे. परंतु मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषण कमी होते आणि आपण शाकाहारी असाल तर ते आधीच बेताचे असते. त्याची रक्ततपासणी करून घ्याच. सुरुवात कान-नाक-घसा तज्ज्ञांपासून केली तरी चालेल. कान आतून स्वच्छ निघाला तर मानेकडे वळता येते.

मेयोजवळची

वरील उत्तराला एवढीच जोड. अचानक एका कानाने ऐकू येईनासे झाले, चेहऱ्याची एक बाजू ओघळली, कानात किंवा कानाभोवती पुरळ येऊन आग होऊ लागली, अथवा कानाबरोबर हात-पायही बधिर झाले वा बोलणे अडखळले, तर उशी बदलत बसू नका, त्याच घटकेला रुग्णालय गाठा.

आणि एक प्रश्न : आपण दुचाकी चालवता का? आपल्याकडे उन्हात बाहेर पडताना दुपट्टा डोक्याभोवती घट्ट गुंडाळून गाठ कानाखाली मारायची आणि वर हेल्मेटचा पट्टा ओढायचा, ही रीतच आहे. माझी गाठ जेथे रुतत असे, तेथेच मला संध्याकाळपर्यंत झिणझिण्या येत असत.

प्रतापनगरकरीण

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कापसाची वात मुलीने फिरवली. वरची कडा शाबूत, पाळी आणि जबड्याचा कोपरा बधिर, अगदी सांगितल्याप्रमाणे. दुपट्ट्याची गाठ मी उजवीकडेच मारते, आणि ऊन वाढल्याने एप्रिलपासूनच रोज बांधू लागले होते, हे मेयोजवळच्या ताईंनी विचारेपर्यंत माझ्या डोक्यातही आले नव्हते. कान आतून निर्दोष निघाला. बी-१२ मात्र १६८ आले, प्रयोगशाळेची खालची मर्यादा २०० होती, आणि इंजेक्शने सुरू झाली आहेत.

आता कबुली देते. पिंजाऱ्याकडून उशी भरून आणली, गाठ डावीकडे नेली आणि इंजेक्शनही घेतले, सर्व एकाच आठवड्यात. गेले नऊ दिवस कान बधिर झालेला नाही, पण श्रेय कोणाला द्यावे हे कळत नाही.

निवृत्त फिजिओथेरपिस्ट

एका वेळी एकच बदल करा, असे मी लिहिले होते! असो. इंजेक्शनांचा क्रम मध्येच सोडू नका. डावीकडे गाठ मारू लागला आहात, तेव्हा आता डाव्या पाळीवर लक्ष ठेवा. गाठ मानेच्या मागे घेतली तर तेही करावे लागणार नाही.