खर्डा वाचून दुसऱ्या लेखकाने काय सांगितले?

गेल्या रविवारी माळ्यावरचे जुने कागद काढताना माझ्या पहिल्या कादंबरीचा खर्डा हाती लागला. सुतळीने बांधलेल्या त्या गठ्ठ्यावर निफाडच्या एका ज्येष्ठ कादंबरीकार स्नेह्यांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा अजूनही स्पष्ट दिसतात. मी नाशिक शहरात वाढलो आणि तरीही द्राक्षबागायतदाराची गोष्ट लिहायला घेतली होती. माझा नायक ऐन दिवाळीत द्राक्षांची पहिली गाडी भरून बाजारात पाठवत होता. त्या परिच्छेदाशेजारी समासात एकच शब्द लिहिलेला आहे, ‘पोंगा’.

भेटल्यावर त्यांनी मला बागेच्या बांधावर नेले आणि समजावून सांगितले, की ऑक्टोबरात फळछाटणी होते, मग काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावतात, आणि तिथून माल हाती यायला साधारण चार महिने जातात. ते म्हणाले, “तुमचा माणूस दिवाळीत गाडी भरणार नाही. पोंगा, म्हणजे कोवळी फूट, निघालेला असताना आभाळ भरून आले, तर डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीने तो रात्रभर अंगणात येरझाऱ्या घालील. शेतकऱ्याला भीती कोणत्या महिन्यात वाटते, ते आधी शोधा.” मी ते प्रकरण पूर्णपणे नव्याने लिहिले आणि पुढे वाचकांची सर्वाधिक पत्रे त्याच प्रकरणावर आली. ते स्नेही आज हयात नाहीत. आपल्यापैकी ज्यांनी कादंबरी लिहिली आहे, त्यांनी दुसऱ्या लेखकाच्या अशा एखाद्या वाचनाविषयी येथे अवश्य लिहावे.

पंचवटीतून

आपले लेखन वाचून मला माझे सिंहस्थावरचे प्रकरण आठवले. २०१५च्या पर्वात मी रोज घाटावर जात असे, त्यामुळे सर्व काही आपल्या डोळ्यांखालचे आहे अशी माझी खात्री होती. मी एका शैव आखाड्याच्या नागा साधूला शाही स्नानासाठी रामकुंडात उतरवले होते. खर्डा वाचणाऱ्या लेखिकाताई त्र्यंबकेश्वरच्या असल्याने त्यांनी लगेच फोन केला, की शैव आखाड्यांचे शाही स्नान त्र्यंबकला कुशावर्तावर होते आणि रामकुंडावर वैष्णव आखाडे येतात, तेव्हा हा साधू नाशिकला कसा आला हे तुम्हाला सांगावे लागेल. मी ते दुरुस्त करायला बसले आणि तो आखाडा सोडून एकटा पायी निघाला आहे, हे मला त्याच दुपारी सुचले. उरलेली अर्धी कादंबरी त्या पायवाटेवरच घडते.

सिडकोतून

स्नेह्यांच्या जाण्याचे वाचून वाईट वाटले. तो खर्डा कृपया प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, कारण ओल धरते; सुती कापडात बांधून ठेवावा.

सटाण्याहून

माझ्या कादंबरीतली आई बागलाणातली आहे. तिचे संवाद मी प्रमाण मराठीत लिहिले होते, कारण अहिराणी सर्वांना कळणार नाही अशी भीती मला वाटत होती. मालेगावच्या एका कथाकार मित्राने खर्डा वाचला आणि मुलाच्या निधनाच्या प्रसंगावर बोट ठेवले. तिथे ती “माझा मुलगा, माझा मुलगा” म्हणत होती. तो मला म्हणाला, “भाऊ, एरवी ती पाहुण्यांशी शाळेतल्यासारखे बोलेल, ते मी मान्य करतो, पण या क्षणी तिच्या तोंडून ‘मना आंडोर’ याशिवाय दुसरे काही निघणार नाही.” ते दोन शब्द बदलल्यावर मला मागची दीडशे पाने तिच्याच कानाने पुन्हा वाचावी लागली. ‘आंडोर’चा अर्थ मी तळटीपेत दिला नाही आणि आजवर एकाही वाचकाने तो मला विचारलेला नाही. शेजारच्या तालुक्यातल्या मित्राला जे ऐकू येते, ते पुण्या-मुंबईच्या संपादकाला ऐकू येईलच असे नाही, म्हणून खर्डा आधी आपल्या मुलखात वाचून घ्यावा असे माझे ठाम मत झाले आहे.

इंदिरानगरमधून

मला अनुभव सांगायचा आहे तो शेवटच्या टप्प्याचा. माझ्या प्रकाशकांनी श्रीलिपी या जुन्या संगणकीय टंकातला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला आणि त्यात कित्येक रफार व जोडाक्षरे मोडली. ‘सूर्य’, ‘वर्ष’ यांसारखे साधे शब्दही धड राहिले नाहीत. मुद्रितशोधनासाठी मला चार दिवस मिळाले होते. ते ऐकून आमच्या गटातल्या दोघी कादंबरीकार न बोलावता घरी आल्या. एकीने मूळ खर्डा मोठ्याने वाचायचा, दुसरीने प्रुफावर खुणा करायच्या आणि मी त्या संगणकावर उतरवायच्या, अशी तीन रात्री आमची बैठक चालली. मोठ्याने वाचले गेल्यामुळे एकच वाक्य मी तीन प्रकरणांत वापरल्याचेही तेव्हाच कळले. पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची होती आणि तिच्या पहिल्या दोन प्रती त्या दोघींच्या घरी गेल्या.

कॉलेज रोडवरून

इंदिरानगरच्या ताई, श्रीलिपीतला मजकूर बदलून घेतल्यावर ‘र्य’ आणि ‘र्ष’ हे शोधून एकेक पाहावेत, बऱ्याच चुका तिथेच सापडतात. नव्या पुस्तकाचे काम कुठवर आले आहे?

इंदिरानगरमधून

नऊ प्रकरणे झाली आहेत, दहावे अडले आहे. ते ऐकवायला कधी यावे, हे आपणच कळवावे.

नाशिकरोडहून

आपल्या गावाचे नाव निघाले की लोकांना कविता आणि नाटक आठवते, आणि कुसुमाग्रजांच्या गावात ते साहजिकच आहे. पण शिरवाडकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या, ही गोष्ट तरुण लेखकांना आवर्जून सांगावी लागते. २०२१च्या डिसेंबरात आडगावला साहित्य संमेलन झाले तेव्हा मी पुस्तकांच्या दालनांतून दिवसभर हिंडलो. माझ्याजवळ अपूर्ण कादंबरीची पहिली वीस पाने होती. संध्याकाळी चहाच्या टपरीवर एका अनोळखी कादंबरीकारांनी ती उभ्याउभ्या वाचली आणि पाने परत देताना विचारले, “अकराव्या पानावर विहिरीत डोकावणारी मुलगी पहिल्या पानावर का नाही?” त्यांना घाई होती, त्यामुळे पुढे बोलणे झाले नाही. मी घरी येऊन पहिली दहा पाने बाजूला काढली. त्यांतली दोन पुढे आठव्या प्रकरणात कामी आली, बाकीची लागली नाहीत.

कॉलेज रोडवरून

ताई, येत्या शनिवारी सायंकाळी पाच वाजता आमच्याकडेच यावे. दहाव्याबरोबर नववे प्रकरणही आणा, कारण अडलेल्या जागेचे मूळ पुष्कळदा आधीच्या प्रकरणात असते. सटाण्याच्या भाऊंनाही शक्य झाले तर त्यांनी यावे. पाने एका बाजूला छापलेली आणि समास मोठा सोडलेला असावा; पेन्सिली मी काढून ठेवतो.