मदत हवी आहे : वळिवड्याच्या पोलिश छावणीतल्या रोजच्या जगण्याबद्दल

नमस्कार मंडळी,

मी एक कादंबरी लिहितेय. नायिका पोलंडची, तिशीतली, पदरात सहा वर्षांची मुलगी. १९४० मध्ये सोव्हिएत सैनिकांनी घरातून उचलून सायबेरियात नेलं, नवरा तिथेच गेला. मग इराण, कराची आणि १९४३ मध्ये कोल्हापूरजवळचं वळिवडे. दुसऱ्या महायुद्धातल्या निर्वासितांसाठीच्या या छावणीत पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक होते, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, नाटकं, सगळं त्यांनी उभं केलं.

हा इतिहास वाचून झालाय. अडलंय ते दुसऱ्याच प्रकरणात. पहिल्या सकाळी ती शेगडी पेटवायला बसते. कोळसा नुसताच धुमसतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, उशाखाली लपवलेला पावाचा तुकडा मुलगी हळूच चाचपून बघतेय, आणि दारात दूधवाली उभी. या दोघी बोलणार कशा? खुणांनी, की मोडक्यातोडक्या हिंदीत? चार वेळा लिहून खोडलं. खोटं वाटतं हो.

वळिवडे, चिंचवाड, उचगाव, रुकडी भागातलं कुणी आहे का इथे? आजी-आजोबांनी छावणीत दूध, भाजी, अंडी विकल्याच्या आठवणी घरात सांगितल्या जातात का? भाव कसा ठरायचा? त्या बायकांना गावात काय म्हणून हाक मारायचे? फाळणीनंतर सिंधी कुटुंबं तिथे आली आणि गांधीनगर वसलं, त्या घरांमध्येही जुन्या बराकींबद्दल काही ऐकलं असेल तर तेही हवंय.

आठवण अर्धवट असली तरी चालेल, फक्त ऐकली तशीच, घरच्या बोलीत लिहा.