सायकलला गाडीने ठोकलं: डेव्हिसमधला क्लेम, रिलीज आणि हातात येणारे पैसे

विषय: नव्या विद्यार्थ्यांचं पत्रक, अपघाताचं अर्धं पान

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरअखेर इथे कॅलिफोर्नियात, यूसी डेव्हिस विद्यापीठात, नवी बॅच येतेय. आल्या आल्या सगळे सायकल घेतात, गाडी कुणाकडेच नसते. पत्रकात तीन गोष्टी नेमक्या हव्या आहेत. गाडीवाल्याच्या विमा कंपनीचा माणूस तिसऱ्याच दिवशी फोन करून दीड हजार डॉलर देऊ करतो, तेव्हा सही करायची का? स्वतःची गाडी नसलेल्याला पैसे येतात कुठून? आणि भेटीला आलेल्या आईवडिलांना कुणी ठोकलं तर?
— कार्यकारिणीकडून

विषय: उत्तर: नव्या विद्यार्थ्यांचं पत्रक

सही अजिबात नाही. त्या चेकबरोबर येतो तो रिलीज, म्हणजे ‘यापुढे काही मागणार नाही’ असं लिहून द्यायचा कागद. कॅलिफोर्नियात त्यात बहुतेक वेळा सिव्हिल कोड १५४२ चं संरक्षण सोडल्याचं कलम असतं, म्हणजे आज जिचा पत्ताही नाही अशा दुखापतीवरचा हक्कसुद्धा सोडला.

हे किती महागात पडतं ते मनगटावरून बघा. सायकलवरून पडताना माणूस हात टेकतो. मनगटातलं स्कॅफॉइड हे छोटं हाड चिरतं आणि पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबून दुखत असेल, तर दहा ते चौदा दिवसांनी परत फोटो काढतात, तेव्हा चीर दिसते. या हाडाचा रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे ते उशिरा जुळतं, कधी स्क्रू घालावा लागतो. रिलीजवर सही तिसऱ्या दिवशी झाली असेल तर ऑपरेशनचा खर्च घरचा.

सायकलच्या नुकसानीचा क्लेम वेगळा मिटवता येतो. मात्र कागदावर फक्त मालमत्तेचं नुकसान असं स्पष्ट लिहिलेलं हवं. समोरच्या कंपनीला फोनवर रेकॉर्डेड जबानी द्यायची सक्ती नाही. नाव, तारीख, ठिकाण सांगा, ‘उपचार चालू आहेत’ म्हणा आणि फोन ठेवा. ‘मी ठीक आहे’ हे वाक्य सौजन्याने तोंडातून निघतं आणि फाइलमध्ये कायमचं बसतं.

दुखापतीसाठी कोर्टात दावा लावायला मुदत दोन वर्षं, मालमत्तेच्या नुकसानीला तीन. घाई नेहमी त्यांना असते.

आता चूक कुणाची, कारण रक्कम तिथेच ठरते. आपल्या गावात हमखास होणारा प्रकार असा: तुम्ही बाइक लेनमध्ये (सायकलसाठी आखलेल्या पट्ट्यात) सरळ चालला आहात, डावीकडून गाडी पुढे जाते आणि तुमच्या पुढ्यातच उजवीकडे वळते. गाडीवाला सांगतो, ‘तो मागून येऊन आदळला.’ कायदा उलट आहे. व्हेइकल कोड २१७१७ प्रमाणे त्याने वळण्याआधी बाइक लेनमध्ये शिरून मग वळायचं असतं, आणि चौकाच्या आधीचे २०० फूट त्याला तसं शिरायची मुभा आहे. तो शिरला नाही, हे फोटोत दिसलं पाहिजे. म्हणून गाडी हलवण्याआधी लेनची तुटक रेघ, गाडीची चाकं आणि सायकल एकाच चौकटीत घ्या. ओरखडा गाडीच्या उजव्या दारावर आहे की मागच्या बंपरवर, यावर अर्धं भांडण मिटतं.

पोलीस रिपोर्टचा नंबर तिथेच मागा. गावात डेव्हिस पोलीस, कॅम्पसवर यूसी डेव्हिसचे, शहराबाहेरच्या काउंटी रस्त्यावर हायवे पेट्रोल, म्हणजे राज्याचे महामार्ग पोलीस. सायकलवाला रुग्णवाहिकेतून गेला की जबानी एकट्या गाडीवाल्याची उरते, आणि रिपोर्ट तसाच तयार होतो. अशा वेळी शुद्धीवर आल्यावर आपलं म्हणणं लेखी देऊन ते रिपोर्टला जोडायची विनंती करायची.

इथे दोषाची टक्केवारी लागते. नुकसान ४०,००० डॉलर ठरलं आणि दोषाचे ३० टक्के तुमच्यावर आले, तर मिळतात २८,०००. रात्री पुढचा पांढरा दिवा नसणं आणि उलट्या दिशेने सायकल हाकणं, ही टक्के वाढवायची दोन हमखास कारणं.
— क्लेमच्या टेबलावर बरीच वर्षं काढलेला

विषय: उत्तर: उत्तर: पैसे येतात कुठून

दादांनी दोषाचं लिहिलं, मी पैशाचं लिहिते. दोष शंभर टक्के त्याचा असला तरी गाडीवाल्याच्या पॉलिसीच्या पलीकडे सहसा काही हाती लागत नाही. १ जानेवारी २०२५ पासून काढलेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या पॉलिसीत किमान मर्यादा एका माणसाला ३०,०००, सगळ्यांना मिळून ६०,००० आणि मालमत्तेला १५,००० डॉलर. त्याआधी १५,०००, ३०,००० आणि ५,००० होती. पायाच्या एका ऑपरेशनला तीस हजार बऱ्याचदा पुरत नाहीत.

इथे लोकांना माहीत नसलेली गोष्ट: गाडीच्या पॉलिसीतलं अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड कव्हर (समोरच्याचा विमा नसेल किंवा अपुरा असेल तेव्हा आपलीच कंपनी देते ते) माणसाबरोबर चालतं. तुम्ही सायकलवर असा नाहीतर पायी, तुमच्या नावाची किंवा त्याच घरात राहणाऱ्या नातलगाची पॉलिसी लागू होऊ शकते. काकांच्या घरी राहणाऱ्या भाच्याने काकांची पॉलिसी मागून घेऊन आधी ‘इन्शुअर्ड’ची व्याख्या वाचावी. हिशोब मात्र सरळ बेरजेचा नाही. तुमची मर्यादा १,००,००० आणि त्याने ३०,००० दिले, तर तुमची कंपनी जास्तीत जास्त ७०,००० देते. तुमचीही ३०,०००च असेल तर शून्य. म्हणून मी म्हणेन, कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, फुटलेली काच वगैरेचं कव्हर) कापा पण हे कव्हर वाढवा. प्रीमियममध्ये फरक थोडाच पडतो.

ठोकून पळाला तर नियम कडक: गाडीचा प्रत्यक्ष स्पर्श झालेला हवा, पोलिसांकडे २४ तासांत तक्रार आणि आपल्या कंपनीकडे ३० दिवसांत शपथेवर निवेदन. गाडी चुकवताना तुम्ही झुडपात पडलात आणि ती घासलीही नाही, तर हे कव्हर उघडत नाही.

कॅम्पसच्या गोल चौकात सायकलवर सायकल आदळते तेव्हा गाडीची पॉलिसी कामाची नाही. तिथे समोरच्याचा रेंटर्स इन्शुरन्स, म्हणजे भाडेकरूचा विमा बघायचा, त्यात वैयक्तिक लायबिलिटी (आपल्या हातून दुसऱ्याचं झालेलं नुकसान) असते. नव्या मुलांनी लीज करतानाच तो घ्यावा.
— विम्यावाली ताई

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: हातात किती उरतं

ताई, तुमच्या तीस हजारांचं पुढे काय होतं ते लिहितो. कोर्टात दावा न लावता मिटलं तर वकिलाची फी साधारण एक तृतीयांश, दावा लावल्यावर चाळीस टक्क्यांपर्यंत. करार लेखीच लागतो, आणि फी कायद्याने ठरवलेली नाही, तुम्ही घासाघीस करू शकता, हे त्यात लिहिणं बंधनकारक आहे. म्हणजे १०,००० गेले. मग आरोग्य विमा कंपनी लियन लावते, म्हणजे उपचारावर घातलेले पैसे तुमच्या भरपाईतून परत मागते. वकील असेल तर सिव्हिल कोड ३०४० ने तो सहसा रकमेच्या एक तृतीयांशावर अडतो, नसेल तर निम्म्यावर. मालकाने स्वतःच्या पैशातून चालवलेल्या प्लॅनला ही मर्यादा लागत नाही, म्हणून एचआरला आधी विचारा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का. हॉस्पिटलचा स्वतःचा लियन वेगळा.

बिलावर ४८,००० असतील आणि विम्याने ११,००० देऊन हिशोब मिटवला असेल, तर भरपाईत धरतात ते ११,०००. म्हणून बिलाच्या आकड्याला कुणी भाळू नये.

आईवडिलांचं. व्हिजिटर व्हिसावर असले तरी दाव्याचा हक्क तोच. पण मुलाच्या पॉलिसीत ‘घरात राहणारे नातलग’ म्हणून ते बसतीलच असं नाही, दोन महिन्यांचा पाहुणा रहिवासी नसतो असं कंपनी म्हणते. त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स फिक्स्ड-बेनिफिटचा असेल तर तो ठरावीक आकडेच देतो. पुढचे उपचार पुण्या-नाशिकला होणार असतील तर डिस्चार्ज समरी, छापील पावत्या आणि एक्स-रेच्या फिल्म मूळ प्रतीत सांभाळा. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर ॲडजस्टर (विमा कंपनीचा क्लेम तपासणारा माणूस) सहसा पैसे देत नाही.

दादांच्या दोन वर्षांना एक अपवाद जोडा. शहराची गाडी किंवा शहराच्या रस्त्यातला खड्डा असेल तर आधी सहा महिन्यांत लेखी क्लेम द्यावा लागतो, आणि नाकारल्याचं पत्र आल्यापासून कोर्टात जायला पुन्हा सहाच महिने. बहुतेक प्रकरणं इथेच मरतात.
— बिलिंगवाला

विषय: उत्तर: सायकलचं काय करू?

मंडळी, अर्ध्याचं पान दीड झालं. एवढं सांगा, सायकल दुकानात टाकायची की नाही?
— कार्यकारिणी

विषय: उत्तर: उत्तर: सायकलचं काय करू?

दुकानात न्या, पण दुरुस्त करू नका. लेखी एस्टिमेट घ्या, त्यात फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि हेडट्यूब (फोर्क जिथे फ्रेममध्ये बसतो ती नळी) यांची तपासणी वेगळी लिहायला सांगा. स्टीलचा फोर्क मागे वाकतो, डोळ्याला कळतं. कार्बनची चीर रंगाखाली लपते. हेल्मेट फेकू नका, त्याची किंमतही क्लेममध्ये धरा. मिटेपर्यंत दोन्ही गॅरेजमध्ये जसंच्या तसं, माती लागलेलं असेल तर मातीसकट.
— दादा