चर्चच्या मंडळीतली भांडणं म्हणे देवाची योजना!

शाहूपुरीकर: ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'वादाने खचू नका, प्रेषित पौल-बर्णबा भांडले म्हणूनच सुवार्तेच्या एका फेरीच्या दोन झाल्या, सगळी देवाचीच योजना.' खाली आमेनचा पाऊस. अहो, प्रेषितांची कृत्ये १५ नीट वाचा. त्यांचा सोबती मार्क पहिल्या फेरीत पर्गाहून यरुशलेमेला अर्ध्यातून परतला होता. पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नाही, बर्णबा हट्ट सोडेना. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रास गेला, पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियातून. हे भांडण देवाने लावलं असं ते पुस्तक लिहिणारा लूक कुठेही लिहीत नाही.

ताराराणी चौक: लिहिलं नाही म्हणून देव तिथं नव्हता? पौलाला याच फेरीत लुस्त्रात तीमथ्यासारखा सहकारी मिळाला. शेवटी पौलच लिहितो, मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. उत्पत्ती ५०:२० विसरलात वाटतं: 'तुम्ही वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं.'

शाहूपुरीकर: ते वाक्य योसेफाच्या तोंडी आहे. ज्याला विहिरीत टाकलं तो म्हणतो. टाकणाऱ्या भावांनी म्हणायचं नसतं! 'चांगलं व्हावं म्हणून वाईट करू' म्हणणाऱ्यांचं काय होणार ते रोमकरांस ३:८ मध्ये आहे. उरीयाला मारवून त्याची बायको घेणाऱ्या दावीदाला क्षमा मिळाली, तिच्यापासून शलमोन झाला, तरी तलवार घरातून गेली नाही. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीतही उरीयाचं नाव आहेच.

माजी पंच: वचनं राहू द्या, गाडी कुठं अडते बघा. वार्षिक सभा एक, इतिवृत्तं दोन. विश्वस्त बदलले की सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, द्यायचा. दोन्ही गट आपापला देतात आणि एकमेकांवर हरकत घेतात. चौकशीत निघतं काय? सभेच्या नोटिशीची पोच नाही, सभासद यादी जुनी, कोरमच्या सह्या मागाहून घेतलेल्या. तोवर बँक सह्या बदलत नाही, चेक अडतात, पाळकांचा पगार थकतो. मत्तय १८ म्हणतं, आधी एकट्याने जाऊन बोल, मग एक-दोन साक्षीदार ने, मग मंडळीला सांग. आपल्याकडे थेट वकिलाची नोटीस.

ताराराणी चौक: आणि कुणी जमीन परस्पर विकायला काढली तर? 'भावाने भावाला कोर्टात खेचू नये' हे १ करिंथ ६ वाचत बसायचं?

माजी पंच: त्याच कायद्याचं कलम ३६ कशाला आहे? स्थावर विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. तिथं हरकत घ्या, कोण अडवतंय? भांडायचं खुर्चीसाठी आणि नाव जमिनीचं!

ताराराणी चौक: तोंड सांभाळून बोला. खुर्ची कुणी किती वर्षं धरली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

रंकाळा: बास की राव. कोल्हापूरचंच घ्या. अमेरिकन मिशनरी वाइल्डर १८५२ ला इथं आले. शाळांच्या धोरणावरून त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेच्या रूफस अँडरसनशी बिनसलं, बोर्डाने हात काढून घेतला. १८६१ ला वाइल्डर बोर्डाशिवाय परत आले. मुलगा रॉबर्ट १८६३ ला इथंच जन्मला. विद्यार्थ्यांना मिशनरी कामासाठी तयार करणाऱ्या अमेरिकेतल्या विद्यार्थी स्वयंसेवक चळवळीत पुढं तोच आघाडीवर. हे फुकट गेलं म्हणायचं?

शाहूपुरीकर: फुकट कोण म्हणतंय? वाइल्डर परत येऊन कामाला लागले, म्हणून देवाला वापरायला काही उरलं. आणि अँडरसनचाही आग्रह ऐका: मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः चालवावा. तो कसा चाललाय ते वर पंचांनी लिहिलंच आहे.

ताराराणी चौक: बरं बाबा, भांडण आमचं आणि भलं देवाचं. झालं समाधान?

माजी पंच: समाधान नंतर. यंदाच्या सभेची नोटीस हातोहात द्या, पोच घ्या. ग्रुपवर टाकलेली धरणार नाही.

ताराराणी चौक: आधी यादी दुरुस्त करा, मग पोच मागा.