मदत हवी आहे: अँटिबॉडी कॉकटेल मिळालेल्या रुग्णांचं लसीकरण जुन्या केसपेपरवरून कसं ठरवायचं?

रेकॉर्डरूम_पुणे

नमस्कार मंडळी. थीसिससाठी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयाचे जून २०२१ ते जानेवारी २०२२ मधले केसपेपर काढले आहेत. विषय असा: कोविडसाठी अँटिबॉडी कॉकटेल (कॅसिरिविमॅब + इम्डेविमॅब) दिलेल्यांपैकी लस घेतलेले किती, आणि कुणाकुणाला पुढे ऑक्सिजन लागला. सत्तरेक पेपर निघालेत. घोडं अडलंय लशीच्या रकान्यापाशी. कुठे नुसतं 'हो', कुठे 'एक झाला', कुठे 'कोविशिल्ड' एवढंच, तारीख क्वचित. वीसेक पेपरांवर रकाना कोराच.

'हो' म्हणजे दोन्ही डोस धरू का? कोरा म्हणजे लस नाही असं धरू का? डोसनंतरचे दिवस मोजायचे ते लक्षणांच्या तारखेपर्यंत, रिपोर्टच्या की कॉकटेलचं सलाईन लावल्याच्या? शिवाय गाईडचं म्हणणं, शेवटी 'लशीची परिणामकारकता' असा एक परिच्छेद हवा. तो या माहितीतून निघेल का?

---

आकडेमोड

पहिल्या दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच: नाही. 'हो' ही स्थिती नव्हे, सिस्टरने घाईत मारलेली खूण आहे. स्थिती दोन तारखांवरून काढायची असते, लशीची तारीख आणि लक्षणं सुरू झाल्याची तारीख. लक्षणंच नसतील तर स्वॅब दिल्याची तारीख घ्या, रिपोर्ट हातात आल्याची नको. सलाईनची तारीख यासाठी अजिबात नको. कॉकटेल लक्षणांनंतर काही दिवसांनी लागतं, त्यामुळे ती धरली की उशिरा दाखल झालेला माणूस आपोआप 'जास्त दिवस लसवंत' ठरतो.

गट असे करा. एकही डोस नाही. पहिला डोस झाला पण १४ दिवस भरले नाहीत. पहिला डोस होऊन १४ दिवस उलटले, पण दुसरा नाही किंवा दुसऱ्याला १४ दिवस झाले नाहीत: हे अपूर्ण. दुसऱ्याला १४ किंवा जास्त दिवस: पूर्ण. आणि 'माहिती नाही' हा स्वतंत्र गट, तो कशातही मिसळायचा नाही. प्रिकॉशन डोस (तिसरा) १० जानेवारी २०२२ पासून सुरू झाला, तेव्हा तुमच्या पेपरांत तो अगदी शेवटीच दिसला तर दिसेल.

उदाहरण: पहिला डोस १० एप्रिल, दुसरा ५ जुलै, ताप १६ जुलैला. दुसऱ्यानंतर ११ दिवस झाले, म्हणून अपूर्ण. हाच ताप १९ जुलैला आला असता तर पूर्ण. केसपेपरवर दोन्हीकडे 'दोन्ही झाले' असंच लिहिलेलं असणार.

दुसरा गट (१४ दिवस न भरलेले) सरळ 'लस नाही' मध्ये टाकायची सवय बऱ्याच जणांना असते. टाकू नका. आकडा लहान असला तरी वेगळा दाखवा, नाहीतर परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतील.

---

औषधपेटी

लशीकडे वळण्याआधी ते सत्तर पेपर खरंच कॉकटेलचे आहेत का ते बघा. यादी कशावरून काढली? औषध दुकानाच्या संगणकात 'मोनोक्लोनल' (प्रयोगशाळेत बनवलेल्या अँटिबॉडी) शोधून काढली असेल तर घोटाळा नक्की. टोसिलिझुमॅब आणि इटोलिझुमॅब हीही मोनोक्लोनलच. पण ती विषाणूवर नाही, शरीराच्या दाहावर काम करतात आणि गंभीर रुग्णाला देत असत. कॉकटेल मात्र सौम्य ते मध्यम आजाराला, ऑक्सिजन लागत नसताना, धोका जास्त असलेल्यांना. दोन्ही एकत्र केलीत तर 'अँटिबॉडी दिलेल्यांना ऑक्सिजन फार लागला' असा भलताच निष्कर्ष हाती येईल. प्लाझ्मासुद्धा (बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातला द्रव) बाजूला काढा. मे २०२१ मध्ये तो राष्ट्रीय उपचारपद्धतीतून वगळला गेला, तरी काही पेपरांवर 'अँटिबॉडी ट्रीटमेंट' म्हणून तोच सापडतो.

ड्रग चार्टवर काय दिसायला हवं: कॅसिरिविमॅब ६०० + इम्डेविमॅब ६०० मिग्रॅ, एकूण १२००. कुठे २४०० दिसलं तर तो दुप्पट डोस असेलच असं नाही. भारतात आलेला पॅक २४०० चा होता, दोन रुग्णांचा. बिलावर पॅक चढतो, चार्टवर डोस, म्हणून चार्टच खरा माना. उघडलेली व्हायल २ ते ८ अंशांत ठेवून ४८ तासांत दुसऱ्या रुग्णाला वापरायची असे. त्यामुळे एकाच बॅच क्रमांकाचे दोन रुग्ण लागोपाठच्या दिवशी सापडतात. एखाद्याची सलाईनची तारीख गहाळ असेल तर त्याचा जोडीदार शोधा, तारीख दोन दिवसांच्या आत बसते.

बामलानिविमॅब + एटेसेविमॅब (७०० + १४००) हे दुसरं कॉकटेलही जून २०२१ मध्ये मंजूर झालं होतं. निघालं तर वेगळं नोंदवा.

---

फोनवाली_ताई

तारखा मिळवायला सगळ्यात भरवशाचं म्हणजे कोविनचं सर्टिफिकेट. लशीचं नाव, तारीख, बॅच, केंद्र सगळं त्यावर असतं. बऱ्याच जणांच्या डिजिलॉकरमध्ये किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर अजून असतं. दोन गोष्टी सांभाळा. पहिला डोस एका मोबाइलवर आणि दुसरा दुसऱ्याच मोबाइलवर नोंदवला गेला की एकाच माणसाची 'पहिला डोस' अशी दोन सर्टिफिकेटं निघत. ती एकत्र करायची सोय नंतर आली, पण सगळ्यांनी केली नाही. दुसरं म्हणजे, डोस न घेताच घेतल्याचा मेसेज आल्याच्या तक्रारी होत्या. तारीख विचित्र वाटली तर माणसाला विचाराच.

फोनवर 'दुसरा डोस कधी घेतला?' असं विचारलं की उत्तर येतं 'झाले की दोन वर्षं'. त्यापेक्षा सण धरून विचारा. पाडव्याच्या आधी की नंतर (१३ एप्रिल २०२१)? आषाढीच्या (२० जुलै)? गणपती बसायच्या आधी (१० सप्टेंबर)? लक्ष्मीपूजनाच्या (४ नोव्हेंबर)? महिना हमखास सापडतो. अशी आठवणीतली तारीख मात्र 'सांगीव' म्हणून वेगळ्या रकान्यात लिहा, सर्टिफिकेटच्या तारखेत मिसळू नका.

आणि फोनला हात लावण्याआधी एथिक्स कमिटीचं पत्र वाचा. नाव-पत्ता काढून जुने पेपर वाचायला संमतीतून सूट मिळाली असेल, तरी त्यात रुग्णाला फोन करणं बसत नाही. त्यासाठी सुधारित अर्ज आणि फोनवरच्या संमतीचा मराठी मसुदा द्यावा लागेल.

---

आकडेमोड

ताईंच्या मुद्द्याला जोड. तारीख विचित्र म्हणजे किती विचित्र, हे कोविशिल्डचा नियम माहीत असल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला दोन डोसांत ४ ते ६ आठवडे, मार्च २०२१ अखेरीस ४ ते ८, आणि १३ मेपासून १२ ते १६. कोव्हॅक्सिनचं अंतर ४ ते ६ आठवडेच राहिलं. म्हणून जुलैमध्ये २८ दिवसांनी घेतलेला कोविशिल्डचा दुसरा डोस दिसला की लगेच चूक समजू नका. परदेशी शिक्षणाला, नोकरीला जाणाऱ्यांना जूनपासून तशी सवलत होती, आणि पुण्यात असे विद्यार्थी काही थोडे नव्हते.

यातून एक मोठी गोष्ट निघते. १ एप्रिलला ४५ वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली झाली. त्याच दिवशी कोविशिल्ड घेतलेल्याला मेमधल्या नियमाने ८४ दिवस थांबायचं झालं तर २४ जून उजाडतो. तुमचे जूनमधले 'अपूर्ण' रुग्ण टाळाटाळ करणारे नाहीत, त्यांची पाळीच आलेली नव्हती. १८ ते ४४ वाल्यांना तर १ मेपासून परवानगी असूनही स्लॉट मिळत नव्हते. वय आणि महिना बाजूला ठेवून लशीची टक्केवारी मांडलीत तर ती लशीबद्दल कमी आणि कॅलेंडरबद्दल जास्त सांगेल.

---

रेकॉर्डरूम_पुणे

औषधपेटी, तुमचं बरोबर निघालं. आठ पेपर टोसिलिझुमॅबचे होते, काढून टाकले. अजून एक: काहींच्या फाइलला अँटिबॉडी रिपोर्ट जोडलेला आहे. ज्यांची लस 'माहिती नाही' त्यांना त्या रिपोर्टवरून ठरवता येईल का? आणि परिणामकारकतेचं राहिलंच.

---

नळी_आणि_सुई

आधी रक्त कधी काढलं ते बघा. कॉकटेल म्हणजे स्पाइकविरुद्धच्याच (विषाणूवरच्या काट्यांच्या प्रथिनाविरुद्धच्या) अँटिबॉडी, बाटलीतून दिलेल्या. सलाईननंतर घेतलेला स्पाइक रिपोर्ट पॉझिटिव्ह येणारच, आणि कित्येक महिने येत राहणार. तो रद्दी समजा. सलाईनच्या आधीचा असेल तरी त्यावरून लस ठरत नाही. पूर्वी नकळत होऊन गेलेला कोविडही तसाच दिसतो. न्यूक्लिओकॅप्सिडची (विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीची) टेस्ट असेल तर कोविशिल्डवाल्यांत ती उपयोगी, कारण त्या लशीत फक्त स्पाइक आहे. न्यूक्लिओकॅप्सिड पॉझिटिव्ह म्हणजे संसर्ग होऊन गेला. कोव्हॅक्सिन संपूर्ण निष्क्रिय विषाणूची, त्यामुळे तिथे लशीनेही पॉझिटिव्ह येऊ शकते.

सलाईनच्या आधीचे रिपोर्ट जपून ठेवा, त्यांची किंमत वेगळीच आहे. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत (जून २०२१) दाखल रुग्णांना हेच कॉकटेल ८ ग्रॅम दिलं. ज्यांच्या शरीरात स्वतःच्या अँटिबॉडी नव्हत्या त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू ३० टक्क्यांवरून २४ वर आले. ज्यांच्या होत्या त्यांना फायदा दिसला नाही. डोस आणि रुग्ण तुमच्याहून वेगळे, पण मुद्दा लागू पडतो: औषधाला सर्टिफिकेट दिसत नाही, रक्त दिसतं. किडनी बदललेला किंवा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणारा रुग्ण दोन डोस घेऊनही अँटिबॉडीविना असू शकतो. 'प्रतिकारशक्ती दबलेली: हो/नाही' हा रकाना आजच वाढवा, नाहीतर लस घेतलेल्यांत ऑक्सिजन का लागला याचं उत्तर कधीच सापडणार नाही.

---

आकडेमोड

परिणामकारकतेचा परिच्छेद लिहू नका. तुमच्याकडचे सगळे आजारी पडून औषध घेतलेले. जे आजारीच पडले नाहीत ते फायलींत नाहीत, आणि लशीचं काम तिथेच दिसतं. गाईडना ही गंमत दाखवा: १००० माणसं धरा, ९०० लसवंत, १०० बिनलशीची. लसवंतांत शंभरी एकाला आजार, म्हणजे ९. बाकीच्यांत शंभरी पाच, म्हणजे ५. रुग्णालयात १४ पोचले, त्यांतले ९ लसवंत, ६४ टक्के. कुणी म्हणेल लस फुकट गेली, प्रत्यक्षात बिनलशीवाल्यांना धोका पाचपट.

तुम्ही लिहू शकता ते असं: कॉकटेल मिळालेल्यांत कोणत्या महिन्यात, कोणत्या वयात, लसीकरण किती झालेलं होतं, आणि कोणाला ऑक्सिजन लागला. ऑक्सिजनवाले किती?

---

रेकॉर्डरूम_पुणे

आता बासष्टांत पाच.

---

आकडेमोड

मग लॉजिस्टिक रिग्रेशनचा (अनेक घटकांचा परिणाम एकदम मोजायच्या पद्धतीचा) नाद सोडा. पाच घटनांवर एक घटकसुद्धा धड उभा राहत नाही. साधा तक्ता, फिशरची एक्झॅक्ट टेस्ट (लहान आकड्यांसाठीची), टक्केवारीसोबत ९५ टक्के विश्वास अंतराल, बस. डिसेंबर २०२१ पासूनचे पेपर वेगळे काढा. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये ओमिक्रॉनचे पहिले रुग्ण त्या महिन्याच्या सुरुवातीला सापडले आणि हे कॉकटेल ओमिक्रॉनपुढे निष्प्रभ. अमेरिकेनेही २४ जानेवारी २०२२ ला त्याचा वापर थांबवला. डेल्टाच्या रुग्णांत ते मिसळू नका.

---

औषधपेटी

एक्सेलमध्ये तारखा भरण्याआधी रकान्याचं स्वरूप दिवस-महिना-वर्ष करा. ०५-०६-२०२१ ही ५ जून कित्येक संगणक ६ मे समजतात, आणि ही अदलाबदल १२ तारखेपर्यंतच होते, पुढे नाही, कारण तेरावा महिनाच नसतो. भरून झालं की लक्षणांची तारीख वजा दुसऱ्या डोसची तारीख असा रकाना करा. उत्तर उणे आलं की तो पेपर पुन्हा उघडा. एकतर तारीख उलटी पडली आहे, नाहीतर डोस आजारानंतरचा आहे. तसा असेल तर त्याची स्थिती आधीच्या डोसवरूनच ठरेल.