कनोसाच्या माटिल्डाकडे खरी सत्ता होती की नुसता किल्ला?

पानगळ:
लोकहो, १०७७ चा, उत्तर इटलीतल्या कनोसा किल्ल्यावरचा प्रसंग सगळीकडे वाचायला मिळतो, जर्मनीचा राजा चौथा हेन्री जानेवारीच्या थंडीत तीन दिवस किल्ल्याच्या दाराशी अनवाणी उभा होता, मग पोप सातव्या ग्रेगरीने त्याच्यावरचा चर्चचा बहिष्कार उठवला वगैरे. पण तो किल्ला माटिल्डाचा होता आणि तिला बहुतेक ठिकाणी एक ओळ मिळते, याचा मला खरंच राग येतो. ती फक्त यजमानीण होती की तिच्या शब्दाला वजन होतं?

दुर्गवेडा:
वजन होतं म्हणजे काय, भरपूर होतं! आधी नकाशा बघा. जर्मनीहून रोमला जायचं तर पो नदीचं खोरं आणि आपेनाइन डोंगररांगेचे घाट ओलांडावे लागतात, आणि मान्तुआ, रेज्जो, मोदेना या शहरांपासून खाली थेट मध्य इटलीतल्या टस्कनीपर्यंतचा पट्टा तिच्या घराण्याचा. घाटावर किल्ले तिचे, मग राजा असो की पोप, तिला टाळून जाणार कुठून? आणि हे सगळं सुखासुखी हातात आलेलं नाही. १०५२ मध्ये वडील बोनिफाचो शिकारीवर असताना मारले गेले, १०५५ मध्ये तिसऱ्या हेन्रीने (या चौथ्याच्या बापाने) तिला आणि तिची आई बेआत्रिचे हिला कैद करून जर्मनीला नेलं, १०७६ मध्ये नवऱ्याचा खून झाला, दोनेक महिन्यांत आईही गेली. म्हणजे कनोसाच्या वेळी सगळा कारभार तिच्या एकटीच्या हातात येऊन वर्षही झालं नव्हतं.

शाईपेन:
+१. त्यात एक भर. कनोसाला मध्यस्थी करणाऱ्यांत ती होतीच, शिवाय तोरिनोची आदेलाइदे पण होती, ती हेन्रीची सासू आणि स्वतः मोठ्या मुलखाची मालकीण. हिच्याबद्दल तर कोणी बोलतच नाही.
पण माटिल्डाची खरी परीक्षा नंतर झाली असं माझं ठाम मत आहे. राजा आणि पोपचा समेट टिकला नाही, १०८० मध्ये व्होल्ताला तिच्या फौजा हरल्या, पुढच्या वर्षी हेन्रीने टस्कनीतल्या लुक्का शहरात तिचे अधिकार काढून घेतल्याचं जाहीर केलं, तरी ही बाई पोपची बाजू सोडायला तयार नाही, कनोसाच्या चर्चमधली चांदी वितळवून रोमला पैसे पाठवले. १०८४ ला सोर्बाराला राजाच्या बाजूच्या फौजेला हरवलं, आणि १०९२ मध्ये हेन्री पुन्हा कनोसावर चालून आला तेव्हा त्याला हात हलवत परत जावं लागलं.

पानगळ:
दोघांचे आभार, हे काहीच माहीत नव्हतं. मग तिच्यानंतर हा मुलूख कोणाकडे गेला? मूलबाळ नव्हतं ना?

दुर्गवेडा:
वारस नव्हता. जमिनी तिने पोपच्या नावे केल्या होत्या, ११०२ मध्ये ते दान पुन्हा लिहून दिलं, पण ११११ मध्ये पाचव्या हेन्रीशी (चौथ्याचा मुलगा, आता सम्राट) समझोता केला, आणि १११५ मध्ये ती गेल्यावर त्याने येऊन सगळ्यावर हक्क सांगितला. पोप आणि सम्राट त्यावरून पुढे शंभर वर्षं भांडत होते.