प्रतिसाद : डास टाळले की मेंदूज्वर टळतो का?

वर विचारलंय, डासांपासून जपलं की मेंदूज्वराची भीती नाही ना? तसं पूर्णपणे म्हणता येणार नाही. आपल्याकडे मेंदूच्या आवरणाच्या सुजेलाही (मेनिंजायटिस) मेंदूज्वर म्हणतात आणि खुद्द मेंदूच्या सुजेलाही (एन्सेफलायटिस), त्यामुळे घोळ होतो. मी खुद्द मेंदूच्या सुजेबद्दल लिहितेय.

त्यातल्या जपानी मेंदूज्वराचा विषाणू क्युलेक्स जातीच्या डासांमुळे पसरतो. हे डास भातखाचरांसारख्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि संध्याकाळनंतर चावतात. विषाणू डुकरांत आणि पाणपक्ष्यांत वाढतो. माणसाकडून माणसाला हा आजार होत नाही, म्हणून रुग्णाजवळ बसायला घाबरू नका. मच्छरदाणी हवीच, पण खरा आधार लशीचा.

मात्र हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूमुळे येणाऱ्या मेंदूच्या सुजेचा डासांशी काही संबंध नाही. त्यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे आणि ते जितकं लवकर शिरेतून सुरू होईल तितका मेंदू वाचतो. म्हणून डॉक्टर बरेचदा तपासणीच्या अहवालासाठी न थांबता ते सुरू करतात. गोवर, गालगुंडानंतरही मेंदूला सूज येऊ शकते, तेव्हा मुलांच्या त्या लशी चुकवू नका. कधी तर जंतू नसतातच, शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते.

ताप, डोकेदुखी आणि त्यासोबत माणूस असंबद्ध बोलू लागला, ओळखीच्यांना ओळखेना, एकाएकी विचित्र वागू लागला, झटका (आकडी) आला किंवा सारखा गुंगीत राहू लागला, तर कृपा करून सकाळची वाट बघू नका. 'ताप डोक्यात गेलाय, उतरला की ठीक होईल' म्हणत रात्र काढू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.